कुंकू लावलेला गोऱ्हा

गाय व्यायला आली की आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. पाणी तापलेलं असतं, गोणपाट अंथरलेलं असतं, आणि सगळ्यांच्या मनात एकच मागणं असतं, कालवड होऊ दे. वासरू बाहेर आलं की आमचे हे आधी त्याचं तोंड पुसत नाहीत. शेपटी वर करून बघतात.

त्या एकादशीला त्यांनी शेपटी वर केली, खाली सोडली आणि हात धुवायला गेले.

"गोऱ्हा," म्हणाले. दुसरं काही नाही.

मी गाईच्या तोंडापाशी बसले होते. वासरू निरोगी होतं, काळंपांढरं, कपाळावर उभा पांढरा पट्टा. ते उठायला बघत होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पूर्वी गोऱ्हा झाला की पेढे वाटत. तो पुढे बैल व्हायचा. आता नांगराला ट्रॅक्टर आहे आणि या संकरित गोऱ्ह्यांना वशिंडच नसतं, जू कुठे ठेवणार. कापायला कायद्याने बंदी, विकायला जावं तर बाजारात घेणारा भितो. घरी ठेवावा तर रोज चार-पाच लिटर दूध पितो, म्हणजे डेअरीला तेवढं कमी जातं. म्हणून वासरू झालं की आईपासून तोडायचं, आणि कालवड असेल तर बाटली, गोऱ्हा असेल तर आठवडाभराने शांतवनला फोन. शांतवनचा टेम्पो आहे. रोज सकाळी तो वस्तीवरचे दुधाचे कॅन कोल्हारच्या बाजूला नेतो. आमच्या गोठ्यातले अकरा गोऱ्हे त्याने नेले. कुठे नेले, ते मी कधी विचारलं नाही. मी रोज गोग्रास काढते, गाईला पहिला घास दिल्याशिवाय जेवत नाही, आणि हे एवढं मी विचारलं नाही.

विचार मनात आला तो धनश्रीमुळे. धनश्री माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते. आषाढात तिचा फोन आला.

"आई, मी दूध सोडलं."

"चातुर्मासापुरतं?"

"कायमचं. तूप, दही, सगळंच."

"कोणत्या देवाला बोललीस गं?"

ती म्हणाली, "वासराला बोलले, आई. दूध त्याचं होतं."

यांनी माझ्या हातून फोन घेतला. "तुझी कॉलेजाची फी काय उसावर भरली व्हय? दुधावर भरलीय, बाई. आता उलटून बोलतीस." आणि फोन ठेवला. हे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पण त्या चातुर्मासात मी काय सोडायचं ते माझं ठरलं. दूध सोडलं. शिवाय पहाटे उठल्यापासून पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत मौन धरलं. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, मनकर्णाबाईंचा नेम कडक. मी कोऱ्या चहावर दिवस काढत होते आणि एक गोष्ट रोज टोचत होती. उपास मी करते तो माझ्या मर्जीने. गोठ्यात जे बांधलंय त्याचा उपास आम्ही ठरवतो.

म्हणून त्या गोऱ्ह्याला मी चोरून पाजायला लागले. हे संस्थेवर गेले की मशीन लावायच्या आधी एक सड त्याच्या तोंडात द्यायचा. दोन मिनिटं. गाय मागे वळून त्याला चाटायची. मी दाराकडे बघत उभी राहायची, माझ्याच गोठ्यात चोरासारखी.

नवव्या दिवशी हे म्हणाले, "गाय दूध चोरती का काय, कळना. उद्या शांतवनला बोलावतो."

रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी शांतवन आला. माझं मौन होतं. मी काही बोलू शकत नव्हते, आणि बोलता आलं असतं तरी काय बोलणार होते. आपल्याकडे घरातून कोणी निघालं की निरोप देतात. लेक सासरी जाते तेव्हा देतात, गौरी जातात तेव्हा देतात. अकरा गोऱ्हे तसेच गेले होते. मी देवघरातून करंडा आणला. गोऱ्ह्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हळद लावली, कुंकू लावलं, परसातल्या झेंडूची माळ गळ्यात घातली.

शांतवन हसला. "वैनी, याला लग्नाला न्यायचंय का काय? मग मलाबी टोपी पायजे."

मी त्याच्यासमोर हात जोडले. त्याचं हसू गेलं. "आज गोशाळेतच सोडतो," म्हणाला. "मागच्या बारीला जागा न्हाई म्हनले. आज पाया पडून बघतो."

मग टेम्पो गेला. गाय दोन वेळा हंबरली. मी पोथी उघडली.

अध्याय अर्ध्यावर आला होता आणि पाटाशेजारचा मोबाईल थरथरायला लागला. एकदा, दोनदा. मग थांबेचना. पोथी वाचताना मी कधी फोनकडे बघत नाही. पण तो थरथरत फरशीवर सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकला, तेव्हा बघितलं. बचत गटाच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला होता.

फाटा होता. शांतवनचा टेम्पो होता, मागचं फाळकं उघडं. वीसएक माणसं. शांतवन चाकाला टेकून खाली बसला होता, शर्टाची बाही खांद्यापासून निघालेली. कोणीतरी गोऱ्ह्याला वर धरलं होतं, आणि मोबाईलवाला त्याच्या कपाळावर आणून आणून कॅमेरा रोखत होता. हळद, कुंकू, झेंडू. आवाज येत होता, "बघा, देवाचं वासरू चोरलंय. कुंकू लावलेलं वासरू चर्चवाल्याच्या गाडीत. कापायला चालवलंय." खाली लिहिलं होतं, जास्तीत जास्त लोकांनी फाट्यावर या.

ते कुंकू मी लावलं होतं. माझ्या बोटाची रेघ ओळखू येत होती. कुंकू नसतं तर तो आधीच्या गोऱ्ह्यांसारखा कॅनच्या मागे झाकून गेला असता, कोणी बघितलंही नसतं.

हे अंगणात फोनवर तेच बघत होते. मला दारात बघून त्यांनी फोन खिशात टाकला.

"तू आत जा," म्हणाले. "दोन-चार थपडा बसतील. मग पोलीस सोडवतील. मी करतो कुनाला तरी फोन."

मी उभीच राहिले. त्यांनी फोन केला नाही.

"समजून घे. संस्थेची निवडणूक महिन्यावर आली. ती पोरं माझ्यासाठी फिरत्यात. चेअरमनच्या गोठ्यातलं वासरू म्हनल्यावर काय राहील माझं?"

मी चप्पल पायात घातली.

"तुझं मौन हाय ना?" हे म्हणाले. हळू म्हणाले, समजावल्यासारखं. "मग पाळ की."

"मोडलं," मी म्हणाले.

घरापासून फाटा कालव्याच्या चारीच्या कडेने पाऊण किलोमीटर. एवढी वाट मी हजारदा चालले असेन. त्या दिवशी उसातून वारा गेला तरी मला माणसं बोलतायत असं वाटे. पदर डोक्यावरून दोन वेळा पडला. मनात नाम घ्यायला गेले तर नाम येईना, व्हिडिओतली निघालेली बाहीच पुढे येई. वाटेत शांतवनची बायको दया भेटली. अंगणवाडीत मदतनीस आहे. ती धावत नव्हती, भराभर चालत होती, ओठ घट्ट मिटून.

"दया, मी येते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या आजेसासऱ्यानं तुमच्या वाड्यावरची मेलेली जनावरं वढली," ती म्हणाली. "ते काम सुटावं म्हनून चर्चमधी गेली मानसं. शाळा शिकली. आन् तुमी पुन्हा तेच दिलं आमच्या हातात, ताई. आता जितं देता, एवढाच फरक."

आम्ही दोघी चालत राहिलो.

फाट्यावर माणसं वाढली होती. मी त्यातल्या निम्म्यांना नावाने ओळखत होते, त्यांच्या बारशाला जेवले होते, आणि तरी मला त्यांची भीती वाटली. माणसं एकत्र उभी राहिली की त्यांचे चेहरे बदलतात. शांतवनच्या कानातून रक्त येऊन कॉलरवर वाळलं होतं. एकाने त्याची मान धरली होती आणि विचारत होता, "कोनत्या देवळातनं उचाललंस? नाव सांग."

शांतवन खाली बघत होता. त्याने आमचं नाव घेतलं नव्हतं.

दया गर्दीतून आत घुसली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. मी मागे थांबले. मोबाईल रोखून व्हिडिओत बोलत होता तो आदिनाथ, वस्तीवरच्या भागूबाईंचा मुलगा. फाट्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे. गोसेवा मंडळ त्यानेच काढलं. गेल्या वसुबारसेला त्याने आमच्या गाईची पूजा केली होती, यांच्या शेजारी उभा राहून.

त्याने मला बघितलं. "काकू, तुमी कशाला आला इथं? बायामानसाचं काम न्हाई."

"वासरू माझं आहे."

माझा आवाज मुळात लहान. शेजारच्या दोघांनाच ऐकू गेला. मी पुन्हा म्हणाले.

आदिनाथ हसला. "काकू उपाशी हायेत सकाळपासनं. चक्कर आली आसंल. पानी द्या रे काकूंना, खुर्ची द्या."

चार जण हसले. खुर्ची खरंच आली. मी बसले नाही. उजवा हात पुढे केला. अनामिकेवर कुंकू तसंच होतं, पोथीच्या आधी हात धुवायचा राहिला होता.

"हे मी लावलं. आमच्या गाईला एकादशीला झालेला गोऱ्हा आहे तो. शांतवनने चोरला नाही. आम्ही बोलावून दिला."

हसू थांबलं. आदिनाथचा फोन अजून चालू होता. त्याने तो जरा खाली केला. "मग कुठं धाडला?"

"गोशाळेत. जागा मिळाली तर."

"आन् न्हाई मिळाली तर?"

मला इथे खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. "माहीत नाही," मी म्हणाले. "याआधीचे अकरा कुठे गेले तेही माहीत नाही. आम्ही विचारत नाही. विचारायला लागू नये म्हणूनच शांतवनला देतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, पाप हाय हे."

"आहे," मी म्हणाले. "आदिनाथ, तुमच्याकडे गाई किती?"

"सहा. का?"

"गोऱ्हे किती?"

त्याने फोन बंद केला.

"दर वर्षी सहा वेत. निम्मे तरी गोऱ्हे होत असतील. कुठेत ते?" मी त्याला विचारत होते, पण माझी नजर पुढे गेली. "कल्याणभाऊ, तुमच्या गोठ्यात आहे का एखादा?"

कल्याणभाऊ आमच्या संस्थेचे जुने सभासद, चहाच्या टपरीपाशी उभे होते. हातातल्या कपात बघायला लागले. मी आणखी दोघांना विचारलं, नावाने. शांतवनची मान ज्याने धरली होती त्यालाही विचारलं. त्या फाट्यावर तीसएक माणसं असतील. सगळ्यांच्या दारात गाई, सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं, आणि गोऱ्हा एकाच्याही गोठ्यात नव्हता. मी कोणाला हरवायला विचारत नव्हते. खरंच विचारत होते. बोलणं थांबवलं तर ते पुन्हा शांतवनकडे वळतील एवढंच कळत होतं.

मान धरणाऱ्याने हात काढला. कोणी माफी मागितली नाही. मागचे दोघे-तिघे गाडीला किक मारून निघाले.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि तिच्या मागे मोटारसायकलवर हे. हवालदार उतरला, गोऱ्ह्याकडे बघितलं, शांतवनकडे बघितलं.

"वासरू कोनाचं?"

"या काकू म्हनत्यात त्यांचं," आदिनाथ म्हणाला.

हवालदार यांच्याकडे वळला. "चेअरमन, तुमचं हाय का?"

यांनी गर्दीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, सांगतील. वीस वर्षांपूर्वी विहिरीच्या वादात भर पंचायतीत स्वतःची चूक कबूल केलेला माणूस आहे हा.

"न्हाई," हे म्हणाले. "बायकांचं काय, देवभोळी मानसं."

दयाच्या तोंडून बारीक आवाज आला. रडणं नव्हतं ते. हवालदार म्हणाला, "मग मालक कोनी न्हाई. वासरू बेवारस, नेनारा हाच. घ्या याला."

शांतवनला जीपमध्ये बसवलं. दया पायरीवर पाय ठेवून चढली, तिला कोणी अडवलं नाही. मी दुसऱ्या बाजूने चढले. हे मोटारसायकलवर तसेच बसून होते. मला वाटतं त्यांनी मला हाक मारली, पण नावाने नाही, नुसतं "अगं."

ठाण्यात लाकडी बाकावर आम्हाला दोन तास बसवून ठेवलं. मी जन्मात पहिल्यांदा ठाण्यात गेले होते. बाहेर कोणाच्या गाडीचा आवाज आला तरी वाटे, फाट्यावरची माणसं इकडे आली. शांतवन हळूच म्हणाला, "वैनी, घरी जा. तुमच्या घरात आता लई हुईल."

"तू आमचं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय झालं आसतं? त्यांचाबी मार, आन् उद्यापासनं कॅनची खेपबी बंद. एकाच बाजूचा मार बरा."

दयाने पदराने त्याचा कान पुसला आणि म्हणाली, "बोलू नको, सुटंल पुन्हा रक्त."

मग मला आत बोलावलं. टेबलामागे एक बाई होत्या, पोलीसच, माझ्या धनश्रीच्या वयाच्या. त्यांनी कागद घेतला.

"तुमचं नाव?"

"मनकर्णा."

"जनावर तुमच्या घरचं असं तुमचं म्हणणं आहे. गोठा कोणाच्या नावावर?"

"यांच्या."

"यांच्या म्हणजे? नाव सांगा मालकांचं."

माझ्या जिभेचा लाकडाचा तुकडा झाला. सासूबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. बत्तीस वर्षांत मी ते नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांच्या घोळक्यात, लाजत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी कागद पुढे करते, बोट ठेवते.

बाईंना कळलं असावं. "लिहून दिलंत तरी चालेल, मावशी."

समोर काचेतून बाक दिसत होता. शांतवनने मान दयाच्या खांद्यावर टाकली होती आणि डोळे मिटले होते. लिहून दिलं असतं तर बरंच सोपं होतं. पण मी मघाशी फाट्यावर तोंडाने विचारलं होतं, आणि यांनी तोंडानेच नाही म्हटलं होतं.

"सहादेव," मी म्हणाले. पुढे वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. दूध संस्थेचे चेअरमन असंही सांगितलं. "गोऱ्हा त्यांच्या गोठ्यातला. दिला आम्ही दोघांनी."

बाईंनी कागद पुढे सरकवला आणि मी सही केली.

शांतवनला दिवस मावळायच्या आत सोडलं. गोशाळेला ठाण्यातून फोन केला तर ते म्हणाले, संकरित गोऱ्ह्यांना जागा नाही, ओळीत पन्नास आहेत. मग हवालदार मलाच म्हणाला, न्या तुमचं तुम्ही. गोऱ्ह्यासकट मागून ठाण्यात आणलेला टेम्पो पोलिसांनी ठेवून घेतला होता, म्हणून गोऱ्ह्याला रिक्षात पायाशी घेऊन आम्ही तिघं आलो. वस्तीच्या वळणावर शांतवन उतरला.

"वैनी, वंगाळ वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पर आता मला बोलवू नका. तुमीबी न्हाई, कुनीच न्हाई."

दया उतरली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली.

घरी हे ओट्यावर बसले होते. ठाण्यातून त्यांना फोन आला असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. मी गोऱ्हा सोडला. तो तडक गोठ्यात गेला. त्याच्या दूध ओढण्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. हे उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवसापासून आम्ही एका घरात राहतो, एवढंच.

आता तिसरा आठवडा आहे. मी अजून पहाटे उठते, पण मौन धरत नाही. धरायची भीती वाटते. हे चेअरमन असूनही आमच्या दुधात संस्थेत रोज काहीतरी खोट निघते. आणि शांतवनने खेप बंद केल्यापासून वस्तीवर रात्री जड पावलं वाजतात, कोणीतरी गोऱ्हा सोडून द्यायला निघालेलं असतं.

परवा पहाटे दार उघडलं तर फाटकाला एक गोऱ्हा बांधलेला. नाळ ओली होती, आईचा पहिला चीकसुद्धा मिळाला नसावा, उभा राहत नव्हता. हे मागून आले, बघितलं. "घे," म्हणाले, "आता गावाचे पाळ."

मी त्याला शालीत गुंडाळून उचललं आणि चालू लागले. इथे ठेवला तर उद्या दोन येतील, परवा पाच, आणि आठ दिवसांनी कोणीतरी दुसऱ्या टेम्पोवाल्याला फोन करेल. पहिलं घर कल्याणभाऊंचं. त्यांनी खिडकीतूनच मान हलवली. पुढच्या घरात दिवा होता, तो विझला. तिसऱ्या घरात एक सून दारापर्यंत आली, वासरू बघून आत वळली. मी कोणाशी भांडले नाही. प्रत्येक दारात एवढंच विचारलं, हा कोणाचा. हात भरून आले होते आणि त्याचं अंग गार पडत चाललं होतं.

सातवं घर भागूबाईंचं. मी कडी वाजवायच्या आधीच घरामागच्या गोठ्यातून गाय हंबरली. लांब, घशातून. शालीतल्या गोऱ्ह्याने मान उचलली.

दार उघडलं. भागूबाई एकट्याच होत्या. मागे आदिनाथची चप्पल दिसत होती, तो दिसत नव्हता. गाय पुन्हा हंबरली आणि दाव्याला हिसके द्यायला लागली, गोठ्याचा पत्रा वाजला.

"हा कोणाचा, भागूबाई?" मी विचारलं.

त्यांनी गोऱ्ह्याकडे बघितलं, मग मागे घरात बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.